उजेड हवा, आच नको : चाकांवरच्या खोलीतील दिवे

स्मरणिका म्हटली की तीत आठवणी, कृतज्ञता आणि वाटचालीचा आढावा यांना पहिला मान असतो, आणि तो योग्यच आहे. आमच्या विज्ञान व कार्यशाळा विभागाने मात्र या अंकासाठी एक व्यवहारोपयोगी विषय निवडला आहे. आपल्या वसतिशाळेतून बाहेर पडलेली अनेक मुले आज सुतारकाम, वायरिंग आणि वाहनदुरुस्तीच्या व्यवसायांत स्थिरावली आहेत. जुनी व्हॅन घेऊन तिच्या मागच्या भागात फळ्यांचा पलंग ठोकावा, एक लहानसे कपाट बसवावे आणि कुटुंबासह चार दिवस फिरून यावे, अशी हौस त्यांच्यापैकी काहींना आहे. काहींना ती हौस नसून गरज आहे. आठवडी बाजारांतून माल विकणारा, दूरच्या कामावर मुक्काम करणारा कारागीर, विजयादशमीस नागपूरला किंवा ६ डिसेंबरला दादरला व्हॅनने जाणारे आणि रात्री गाडीतच पाठ टेकणारे कुटुंब, या सर्वांसाठी ती गाडी म्हणजे रात्रीपुरते घरच असते.

अशी गाडी तयार करणारे आमच्याकडे सल्ल्यासाठी येतात तेव्हा पलंग, पंखा, छत यांविषयी पुष्कळ विचारतात. दिव्याविषयी मात्र क्वचितच. दिवा ही शेवटी बाजारातून आणून चिकटवायची वस्तू, अशी समजूत असते. आमच्या मते हा क्रम उलटा असावा. लाकूड, फोम, कापड आणि झोपलेली माणसे एका पेटीत एकत्र आणल्यावर तेथे तापणारी प्रत्येक वस्तू आधी तपासली पाहिजे, आणि रोज रात्री तापणारी वस्तू म्हणजे दिवा. म्हणून कमी तापणारा, सुरक्षित दिवा कसा निवडावा आणि तो कसा जोडावा, याचे विवेचन येथे क्रमाने करीत आहोत.

लहान पेटीचा हिशेब

स्वतःच्या हाताने फिरते घर बांधण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेत १९३० च्या दशकापासून लोक मोटारीमागे ओढायच्या, थेंबाच्या आकाराच्या छोट्या गाड्या घरीच बांधू लागले. प्लायवूडचा ८ फूट बाय ४ फूट हा ठरावीक तक्ता मिळू लागल्यावर अशा बांधणीला तो फार सोयीचा ठरला. आपल्याकडेही व्हॅनच्या आत किंवा ट्रॉलीवर केलेली खोली साधारण याच मापात बसते. उदाहरणासाठी आतून २.४ मीटर लांब, १.५ मीटर रुंद आणि १.२ मीटर उंच अशी जागा घेऊ. तिचे क्षेत्रफळ ३.६ चौरस मीटर, आणि तीत मावणारी हवा सव्वाचार घनमीटरांहून थोडी अधिक. त्या हवेचे वजन भरते सुमारे ५ किलोग्रॅम.

आता या पेटीत एक साधी मेणबत्ती लावली, असे समजू. मेणबत्तीची ज्योत लहान दिसते. परंतु ती सुमारे ८० वॅट इतकी उष्णता देते. तासाभरात ही उष्णता २८८ किलोज्यूल होते. ती सर्व हवेतच राहिली असती, तर ५ किलोग्रॅम हवेचे तापमान ५० अंशांहून अधिक वाढले असते. प्रत्यक्षात भिंती, गादी आणि फटी त्यातील बराच भाग घेतात, म्हणून इतकी वाढ दिसत नाही. पण उष्णतेचा ओघ केवढा आहे, हे या आकड्यावरून कळते. झोपलेला प्रौढ माणूसही साधारण एवढीच उष्णता बाहेर टाकतो आणि तासाला मेणबत्तीइतकाच कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो. म्हणजे दोघांच्या खोलीत मेणबत्ती लावणे हे तिसरा माणूस आत घेण्यासारखे आहे. त्या तिसऱ्याकडून आपल्याला मिळतो केवळ १२ ल्युमेन एवढा उजेड. तेवढाच उजेड एलईडी दिवा एका वॅटच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी विजेत देतो.

कंदिलाची आच मेणबत्तीच्या काही पट असते, आणि पंप मारून पेटवायची गॅसबत्ती तर जवळजवळ विजेच्या इस्त्रीइतकी उष्णता टाकते. आपल्या घराघरांतील मागची पिढी चिमणीच्या उजेडात शिकली, याचा आदर आम्हांस आहे. परंतु ती चिमणी कुडाच्या, हवा खेळत्या घरात होती, आणि तीही निष्पाप नव्हती. कलंडलेल्या चिमणीने संसार जाळल्याच्या हकिकती प्रत्येक गावाला ठाऊक आहेत. दारे-काचा बंद केलेल्या गाडीत ज्योतीला पुरेसा प्राणवायू मिळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, आणि झोपलेल्या माणसाला जाग न येताच त्याची शुद्ध हरपते. म्हणून पहिला नियम अपवादाशिवाय पाळावा : चाकांवरच्या खोलीत उजेडासाठी किंवा उबेसाठी ज्योत पेटवू नये.

विजेचा दिवाही तापतो

ज्योत वगळली म्हणजे काम झाले, असे नाही. जुन्या काचेच्या गोळ्यातील तंतू तापून पांढरा होतो तेव्हाच उजेड पडतो. त्याला दिलेल्या विजेचा साधारण विसावा भागच दृश्य प्रकाश होतो आणि उरलेला सर्व उष्णता. एका वॅटमागे असा गोळा १० ते १५ ल्युमेन देतो. हॅलोजन थोडा सरस, १५ ते २५ ल्युमेन देणारा. पण त्याचा दोष त्याच्या रचनेतच आहे. आतील वायूचे रासायनिक चक्र चालण्यासाठी त्याच्या कुपीची भिंत २५० अंश सेल्सिअसच्या वर तापलेली असावीच लागते. अशा दिव्याला पडद्याचा काठ किंवा चादरीचा कोपरा टेकला तर कापड करपायला वेळ लागत नाही. भंगारबाजारात जुन्या गाड्यांचे १० किंवा २० वॅटचे हॅलोजन दिवे स्वस्त मिळतात आणि १२ व्होल्टवर चालतात म्हणून ते सोयीचे वाटतात. मोकळ्या, उंच जागी ते चालतील. डोक्यापासून हातभर अंतरावर छत असलेल्या खोलीत त्यांना जागा नाही.

सीएफएल दिवे वॅटमागे ५० ते ७० ल्युमेन देतात आणि तापतातही कमी. परंतु त्यांची नळी काचेची असते आणि तिच्यात अल्प प्रमाणात पारा असतो. खड्ड्यांतून धावणाऱ्या गाडीत ती फुटली, तर ज्या गादीवर आपण झोपतो तिच्यावरच काच आणि पारा पडणार. उरतो तो एलईडी. चांगल्या प्रतीचा एलईडी वॅटमागे ८० ते १०० ल्युमेन किंवा त्याहून अधिक उजेड देतो, फुटत नाही आणि बारा व्होल्टवर सहज चालतो. निळा प्रकाश देणाऱ्या एलईडीच्या शोधामुळे पांढरा एलईडी शक्य झाला, आणि त्याबद्दल अकासाकी, अमानो व नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हातावर मावणाऱ्या दिव्यात खोली उजळणारा प्रकाश आज आपल्याला मिळतो, त्यामागे हा शोध आहे.

‘एलईडी तापत नाही’ या समजुतीविषयी

एलईडीचा झोत हाताला गरम लागत नाही, म्हणून तो तापतच नाही असे सर्वत्र बोलले जाते. हे अर्धसत्य आहे. एलईडीच्या प्रकाशात उष्णतेचे अवरक्त किरण फारसे नसतात, हे खरे. परंतु दिलेल्या विजेचा अर्ध्याहून अधिक भाग त्याच्या पाठीमागे, त्या बारीकशा चिपमध्ये उष्णता बनूनच साठतो. ही उष्णता पाठीकडून बाहेर गेली पाहिजे. ती गेली नाही तर चिप तापते, उजेड मंद व पिवळट होतो आणि दिव्याचे आयुष्य झपाट्याने घटते.

फिरत्या घरात नेमकी येथेच गफलत होते. छत थंड राहावे म्हणून पत्र्याखाली थर्मोकोल किंवा फोम बसवलेला असतो, आणि त्यावरच एलईडीची चिकटपट्टी लावली जाते. थर्मोकोल उष्णतेला वाट देत नाही. तोच तर त्याचा गुण. तो सुमारे १०० अंशांच्या अलीकडेच मऊ होऊ लागतो आणि सहज पेट घेतो. त्यात उन्हाळ्यात दिवसभर उन्हात उभी राहिलेली गाडी आधीच तापलेली असते. विदर्भ-मराठवाड्याच्या मे महिन्यात बंद गाडीचे आतील तापमान ६० अंशांवर जाते. अशा वेळी दिवा थंड छतावर नव्हे, तापलेल्या छतावर सुरू होतो, हे ध्यानात ठेवावे.

उपाय सोपा आहे. एलईडी पट्टी नेहमी ॲल्युमिनियमच्या पन्हाळीत किंवा किमान दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियम पट्टीवर लावावी. ती पट्टी फोमवर न बसवता लाकडी किंवा धातूच्या आडव्या पट्टीला स्क्रूने बसवावी आणि मागे थोडी पोकळी सोडावी. दिवा छतात गाडून टाकण्यापेक्षा बाहेर राहील असा लावलेला बरा.

पट्टी विकत घेताना दर मीटरला किती वॅट, हे अवश्य विचारावे. मीटरला ६० दिवे असलेल्या साध्या पट्टीचा एक प्रकार मीटरमागे ४.८ वॅट घेतो, तर मोठ्या दिव्यांचा दुसरा प्रकार १४.४ वॅट. दोन्हींची लांबी सारखी आणि दिव्यांची संख्याही सारखी. दुसऱ्या प्रकाराची दोन मीटर पट्टी लावली की जवळजवळ २९ वॅट इतक्या लहान जागेत सोडले जातात. तो प्रकाश डोळ्यांना नको असतो आणि ती उष्णता छताला नको असते.

उजेड किती आणि कोठे

आपल्या उदाहरणातील खोलीचे क्षेत्रफळ ३.६ चौरस मीटर आहे. सामान्य वावरासाठी दर चौरस मीटरला १०० ल्युमेन, म्हणजे १०० लक्स, पुरेसे होतात. भिंतींमध्ये काही उजेड मुरतो हे धरून ४५० ते ५०० ल्युमेनचे दिवे पुरतात. चांगल्या एलईडीचे हे ५ ते ६ वॅट झाले. आतून छत व भिंती पांढऱ्या किंवा फिकट रंगाच्या ठेवल्या तर तेवढ्यातच खोली भरून जाते. गडद रंगाचे छत उजेड गिळते, आणि मग माणूस अधिक वॅटचा दिवा शोधू लागतो.

हे सहा वॅट एकाच मोठ्या दिव्यात ठेवू नयेत. तीन-तीन वॅटचे दोन दिवे छताच्या दोन कडांना लावावेत. उष्णता विभागली जाते, सावल्या पडत नाहीत, आणि एक बिघडला तरी अंधार होत नाही. वाचनासाठी पानावर सुमारे ३०० लक्स लागतात; त्यासाठी सबंध खोली झगमगवण्यापेक्षा उशाशी दीड वॅटचा, मान वळवता येणारा छोटा दिवा द्यावा. एकाने वाचावे, दुसऱ्याने झोपावे, हे त्यामुळे साधते. तिसरा दिवा पायाशी, दाराजवळ, केवळ अर्ध्या वॅटचा. तो रात्रभर मंद जळावा. आणीबाणीत दार कोठे आहे हे झोपेतून उठलेल्या लहान मुलालाही दिसले पाहिजे. आमच्या मते संपूर्ण मांडणीत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचा दिवा हाच.

रंगाचाही विचार करावा. वेष्टनावर केल्विनमध्ये आकडा असतो. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, ४००० म्हणजे स्वच्छ पांढरा, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. बाजारात निळसर दिवे अधिक दिसतात, कारण ते जास्त प्रखर वाटतात. परंतु निळसर उजेड झोप आणणाऱ्या मेलाटोनिन या संप्रेरकाला मागे सारतो, आणि रानात किंवा शेतात थांबलेल्या गाडीकडे कीटकही त्याच उजेडाने अधिक ओढले जातात. म्हणून छत व उशाचे दिवे ३००० केल्विनच्या आसपासचे घ्यावेत. स्वयंपाकाचा ओटा असल्यास तेथे ४००० चा दिवा ठीक.

बारा व्होल्ट आणि तारेचे गणित

काहीजण इन्व्हर्टर बसवून घरातलेच २३० व्होल्टचे बल्ब गाडीत लावतात. ओल्या पायाने आत येणारी माणसे, चारही बाजूंनी पत्रा आणि धक्क्यांनी सैल होणारे स्क्रू अशा जागी २३० व्होल्टची तार नेण्याचे कारण नाही. शिवाय वीज एकदा चढवायची आणि बल्बच्या आत पुन्हा उतरवायची, यात काही भाग इन्व्हर्टरमध्येच उष्णता होऊन जातो. बॅटरी बारा व्होल्टची आहे. दिवेही बारा व्होल्टचेच असावेत.

मात्र ‘बारा व्होल्ट’ हा आकडा नावापुरता असतो. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते आणि इंजिन चालू असताना तोच दाब १४.४ पर्यंत चढतो. साध्या एलईडी पट्टीत तीन-तीन दिवे एका रोधाशी जोडलेले असतात. दाब एवढा वाढला की त्यांतून जाणारा प्रवाह जवळजवळ दीडपट होऊ शकतो आणि पट्टी अपेक्षेपेक्षा बरीच तापते. म्हणून ‘१० ते ३० व्होल्ट’ असे लिहिलेले, आत प्रवाह स्थिर ठेवणारे मंडल असलेले दिवे घ्यावेत. किंमत थोडी अधिक पडते. दिवा मात्र इंजिन चालू असो वा बंद, सारखाच राहतो.

कमी दाबाच्या विजेने झटका बसण्याची भीती राहत नाही, म्हणून लोक तारेबाबत निष्काळजी होतात. वस्तुतः आगीचा खरा धोका दिव्यात कमी आणि तारेत जास्त असतो. बारा व्होल्टवर तेवढ्याच वॅटसाठी प्रवाह २३० व्होल्टच्या सुमारे १९ पट लागतो, आणि तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आपले सर्व दिवे मिळून ९-१० वॅट, म्हणजे एक अँपिअरहून कमी. १ चौरस मिलिमीटर जाडीची, अनेक पदरी तांब्याची तार यासाठी पुरेशी आहे. पाच मीटर जाणे व पाच मीटर येणे धरले तर तिचा रोध ०.१८ ओहम भरतो. एक अँपिअरला दाब ०.१८ व्होल्टच घटतो. एकपदरी जाड तार वापरू नये. गाडीच्या सततच्या थरथरीने ती आतल्या आत तुटते.

धोका येतो तो शॉर्ट झाल्यावर. पत्र्याच्या धारेवर घासून तारेचे आवरण कापले गेले, तर बॅटरी त्या तारेतून शेकडो अँपिअर प्रवाह लोटू शकते. सामान्य पीव्हीसी आवरण ७० अंशांपर्यंतच्या वापरासाठी असते. एवढ्या प्रवाहाने तार काही क्षणांत लालबुंद होते आणि फळीच्या मागे, जेथे आपले लक्ष नाही अशा ठिकाणी आग लागते. दिवा कितीही थंड असला तरी येथे उपयोगाचा नाही. येथे उपयोगी पडतो तो काही रुपयांचा फ्यूज.

फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आतच असावा. दिव्याजवळ बसवलेला फ्यूज दिव्याचे रक्षण करतो. बॅटरीजवळचा फ्यूज सबंध तारेचे, म्हणजे माणसांचे. आपल्या एक अँपिअरच्या भारासाठी ३ अँपिअरचा, जांभळ्या रंगाचा पाती-फ्यूज योग्य. पंखा किंवा मोबाइल चार्जिंग हवे असल्यास त्यांची तार व फ्यूज वेगळे ठेवावेत. फ्यूज उडाल्यावर त्याच्या जागी मोठा फ्यूज किंवा तारेचा तुकडा घालणे म्हणजे पहारेकऱ्याला बांधून ठेवून दार उघडे टाकणे होय. तो का उडाला हे आधी शोधावे.

तार पत्र्यातून जाते तेथे छिद्रात रबरी ग्रोमेट बसवावे. प्लायमागची तार प्लास्टिकच्या नळीतून न्यावी. दोन तारा पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेला सांधा उन्हाळ्यात सैल पडतो आणि सैल सांधा तापतो; त्याऐवजी थिंबल दाबून किंवा स्क्रूच्या जोडपट्टीत सांधे घ्यावेत. लाकडी पेटीत परतीसाठी गाडीच्या सांगाड्यावर विसंबू नये. दोन्ही तारा बॅटरीपर्यंत आणाव्यात.

बॅटरी, गॅस आणि लहान मुले

कमी वॅटचा आणखी एक लाभ बॅटरीत दिसतो. छताचे दोन दिवे मिळून ६ वॅट, तीन तास : १८ वॅट-तास. उशाचे दोन मिळून ३ वॅट, एक तास : ३ वॅट-तास. पायाचा अर्धा वॅट, नऊ तास : साडेचार. एकूण साडेपंचवीस वॅट-तास. यूपीएसमध्ये असते तशी १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची सीलबंद बॅटरी ८४ वॅट-तास साठवते. ती निम्म्याहून अधिक रिकामी करू नये, हा नियम पाळला तरी ४२ वॅट-तास हाती राहतात. म्हणजे एक रात्र निश्चिंत. छताला १० वॅटचे दोन हॅलोजन लावले असते, तर त्यांनीच तीन तासांत ६० वॅट-तास घेतले असते.

गाडीची मूळ बॅटरी दिव्यांसाठी वापरू नये. सकाळी इंजिन सुरू झाले पाहिजे. पाणी घालावयाची बॅटरी झोपण्याच्या खोलीत ठेवू नये. चार्ज होताना तीतून हायड्रोजन निघतो, आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्के झाले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. सीलबंद बॅटरीसुद्धा पलंगाखाली घट्ट बांधून, हवेसाठी जाळी ठेवून बसवावी.

स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड असतो. गळती झाल्यास तो जमिनीलगत साठतो. म्हणून दिव्याचे बटण तळाशी न बसवता छातीच्या उंचीवर बसवावे. गॅसचा वास आला तर दिवा लावू नये, लागलेला विझवूही नये. आधी दार उघडावे, माणसांना बाहेर काढावे, मग सिलिंडरचा झडप बंद करावा.

बॅटरीवर चालणारे, चिकटवायचे गोल दिवे सोयीचे असतात; पण त्यांच्यापैकी काहींत बटणाएवढी चपटी बॅटरी असते. लहान मुलाने ती गिळल्यास अन्ननलिकेला काही तासांतच गंभीर इजा होते. ज्याचे झाकण स्क्रूने बंद होते असाच दिवा घ्यावा; शंका आली तरी मुलाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे. चार्जिंगचे लिथियम दिवे दुपारी बंद गाडीत सोडून जाऊ नयेत.

गाडी रस्त्यावर आणण्यापूर्वी

सर्व जोडणी झाली की एक साधी परीक्षा करावी. संध्याकाळी गाडी उभी करून इंजिन चालू असताना आणि नंतर बंद करून, असे मिळून तासभर सर्व दिवे लावावेत. इंजिन चालू असताना गाडी उघड्यावर आणि दारे-काचा उघड्या असाव्यात, हे विसरू नये. मग हाताची पाठ प्रत्येक दिव्याच्या मागील धातूला, प्रत्येक सांध्याच्या आवरणाला आणि फ्यूजच्या डबीला टेकवावी. पाच सेकंद हात ठेववत नसेल, तर तेथील तापमान साधारण ५५ ते ६० अंशांवर गेले आहे, असे समजावे. दिव्याची पाठ असल्यास वॅट कमी करावेत किंवा ॲल्युमिनियम वाढवावे. सांधा किंवा तार असल्यास ते काम उकलून पुन्हा करावे. तार कोमटही लागता कामा नये. ही परीक्षा दरवर्षी उन्हाळ्याच्या आरंभी पुन्हा करावी.

कायद्याचीही जाणीव ठेवावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाच्या नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. आतील काढता-घालता येणारी मांडणी आणि गाडीच्या मूळ बांधणीतील बदल यांत फरक आहे. आसने काढणे, छत उंचावणे, इंधनव्यवस्थेला हात लावणे यांपैकी काही मनात असेल, तर कामास हात घालण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे. गाडीच्या मूळ वायरिंगमध्ये सांधे मारू नयेत. विम्याच्या वेळी हा प्रश्न हमखास निघतो. आत दाराजवळ एक किलोचे कोरड्या पावडरचे अग्निशामक नळकांडे हाताशी असावे.

एवढा सगळा खटाटोप नऊ-दहा वॅटच्या उजेडासाठी कशाला, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर आमच्या मते सरळ आहे. घरात आग लागली तर दुसरे दार असते, खिडकी असते, शेजारी असतात. चाकांवरच्या खोलीत एक दार असते आणि आतली सारी माणसे झोपलेली असतात. तेथे उजेड निवडताना आपण त्यांच्या वतीने निवड करीत असतो. कमी वॅटचा एलईडी, पाठीला ॲल्युमिनियम, नळीतून नेलेली तार आणि बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज, एवढ्या चार गोष्टी नीट केल्या की बहुतेक धोका दूर होतो, आणि त्यांचा एकत्रित खर्चही चांगल्या गादीच्या खर्चाहून कमी येतो.

आपल्या माजी विद्यार्थ्यांत वायरमन आहेत, गॅरेज चालवणारे आहेत, सुतार आहेत. गावातील कोणी अशी गाडी बांधायला घेतल्याचे दिसले, तर त्यांनी आपणहून एक तास द्यावा, फळी लागण्यापूर्वी तारा पाहाव्यात आणि फ्यूज कोठे आहे एवढे तरी विचारावे, अशी आमची त्यांना विनंती आहे. शाळेत शिकलेला ओहमचा नियम त्या तासाभरात कोणा तरी कुटुंबाच्या कामी येईल.